कार्ब्युरेटरांचं कोरं पान

आमच्या क्लबात नऊ गाड्या आहेत. त्यांतल्या चार चालतात, तीन चालू होतात आणि दोन नुसत्या आहेत. सगळ्या विलायती, सगळ्या दोन माणसांच्या, सगळ्यांच्या डोक्यावर छत म्हणून एक कापड, आणि वयानं सगळ्या आमच्यापेक्षा मोठ्या. नवरा, बायको आणि एक पिशवी बसली की गाडी भरली. पिशवीत कलिंगड असेल तर नवऱ्यानं मागून एसटीनं यावं. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत अशा गाड्या कुठल्या कुठल्या गोठ्यांतून आणि गोदामांतून निघाल्या ते सांगत बसलो तर तुम्ही मला अडवाल, म्हणून फक्त माझीचं सांगतो.

माझी गाडी तांबडी आहे. ती माझ्याकडं कशी आली याच्या आजवर मी सात कथा सांगितल्यात. एकीत ती संस्थानिकांच्या पागेत सापडते, एकीत मी ती पत्त्यांत जिंकतो, आणि जी मला स्वतःला सगळ्यांत आवडते तिच्यात मी कृष्णेच्या पुरातून तिला दोरानं ओढून काढतो. खरी गोष्ट अशी, की वडूजकडच्या एका मळ्यात तिच्यावर कडब्याची गंजी रचलेली होती, आणि मालकाला गंजी हलवायची होती. पण ही मी सांगितली की लोक हसतात आणि म्हणतात, आठवी बरी जमली नाही.

तर अशा माणसाला क्लबानं तांत्रिक चिटणीस केलं. कारण एकच, माझं अक्षर चांगलं आहे. आडत दुकानात असते तशी लाल कापडाच्या बांधणीची एक जाडजूड चोपडी माझ्या ताब्यात आहे. कुठल्या ट्रॅक्टरचं सील आमच्या गाडीच्या मागच्या चाकाला बसतं, कुठल्या जीपची ब्रेकची नळी दोन बोटं कापून चालते, वायपरचं रबर कुठल्या रिक्षाचं घ्यावं, हे सगळं त्यात आहे. या गाड्यांचे सुटे भाग आता मिळत नाहीत. म्हणून ती चोपडी म्हणजेच आमचं भांडार. फोनवरच्या ग्रुपात तिच्या पानांचे फोटो फिरतात, पण भांडण झालं की सगळे अस्सल चोपडी बघायलाच माझ्या घरी येतात आणि चहा पिऊन जातात.

चोपडीत तीन रकाने आहेत. कोणी सांगितलं, कोणी केलं, आणि करून पाहिले. तिसरा रकाना माझ्यामुळं आला.

गळक्या रेडिएटरात चिमूटभर हळद टाकली की बारीक भोक बुजतं. हे खरं आहे, मी स्वतः केलंय. पण नोंद करायला बसलो आणि 'चिमूटभर' लिहायला माझा हात धजेना. सांगलीत राहायचं, जिथल्या पेठेत हळदीचे ढीग गच्चीला टेकतात, आणि चिमूटभर लिहायचं? मी 'पावशेर' लिहिलं. आमचे अध्यक्ष फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, कराडजवळ त्यांचा ऊस आहे. फौजी माणूस लेखी हुकमाला प्रश्न विचारत नाही. त्यांनी तराजू काढून पावशेर मोजली आणि रेडिएटरात ओतली. दहा किलोमीटरवर त्यांच्या गाडीनं टोपणातून पिवळं पिठलं सोडलं. अख्खा रेडिएटर उकलून धुवावा लागला. पुढच्या सभेला ते उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "चिटणीस, गाडीला हळद लावलासा. आता नवरीबी तुमीच बघा."

तेव्हापासून नियम झाला. कुणीही काहीही सांगितलं तरी ते आधी पेन्सिलीनं लिहायचं. दुसऱ्या मालकानं आपल्या गाडीवर ते करून बघायचं, 'करून पाहिले' म्हणून सही करायची, मगच शाईनं गिरवायचं. माझ्या नोंदीला दोन सह्या लागतात. हे नियमात लिहिलेलं नाही, पण लागतात.

या चोपडीत एकच पान कित्येक वर्षं कोरं होतं. वर माझ्या सुंदर अक्षरात मथळा, 'दोन कार्ब्युरेटरांचा मेळ', आणि खाली काही नाही.

कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचं नाक. त्यातून हवा आत ओढली जाते आणि जाताना पेट्रोलचा फवारा बरोबर नेते. एकच असला तर प्रश्न नसतो. आमच्या गाड्यांना दोन-दोन आहेत, आणि दोघांनी श्वास सारखा घ्यायचा असतो. एकानं जास्त ओढलं की इंजिन लंगडतं, ठसकतं आणि घाटात बसकण मारतं. हा मेळ सगळ्या मुलखात एकच माणूस घालायचा, तो म्हणजे मिरजेचे आमचे मिस्त्री.

सतारी बनवणाऱ्यांच्या गल्लीमागं त्यांचं पत्र्याचं गॅरेज. पुढच्या दारात कारागीर तारा लावतात, मागच्या दारात मिस्त्री इंजिनं. त्यांच्याकडं दोन हात लांब रबरी नळी होती. एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, एक कानात. आधी एकाचा फुसकारा ऐकायचा, मग दुसऱ्याचा, मग स्क्रू केसभर फिरवायचा आणि नळी गळ्यात टाकायची. झालं.

"किती फिरवला?" मी पेन्सिल काढून विचारायचो.

"पायजे तेवढा."

"कुठल्याचा?"

"ज्याचा पायजे त्याचा. कानानं कळतंय गड्या, त्यात लिवायचं काय?"

आता हे चोपडीत कसं लिहावं? म्हणून पान कोरं. क्लबातल्या लोकांना वाटायचं की मीच आळशी आहे.

त्याच कानानं ते माझ्या थापाही पकडायचे. त्यासाठी त्यांना मान वर करावी लागत नसे. एकदा मी सांगितलं, की लोणंदजवळ मी आगगाडीशी शर्यत लावली आणि जिंकलो. मिस्त्री बॉनेटच्या आतूनच म्हणाले, "फाटक पडलं हुतं. तू हुबा हुतास, गाडी गेली." ते खरं होतं. मी माणसं जमवून पाऊण तास रंगवलेली गोष्ट त्यांनी आठ शब्दांत पाडली, आणि खरं सांगायचं तर त्यासाठीच मी दर आठवड्याला सांगलीहून मिरजेला जायचो. नुसती थाप मारण्यात अर्धीच मजा असते.

माघात, स्ट्रॉबेरी ऐन भरात असताना, आमचा क्लब महाबळेश्वरला जातो. सकाळी वाईच्या अलीकडं एका मंगल कार्यालयाच्या मैदानात गाड्या ओळीनं उभ्या करायच्या. जी चालत नाही ती टेम्पोत घालून आणायची, पण आणायची. मग मिस्त्री इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गळ्यात नळी टाकून ओळीनं प्रत्येक गाडीचा मेळ घालत जातात. तेवढा वेळ कुणी बोलत नाही. फोन बंद. बायकापोरंसुद्धा गप्प. नऊ गाड्या हाताळून शर्टाला एक डाग नाही, हे मी सांगतो तेव्हा कुणाला पटत नाही, पण ते मी वाढवलेलं नाही. त्या सकाळी मिस्त्री एखाद्या मोठ्या डॉक्टरसारखे दिसतात. बाकी वर्षभर ते स्कूटरी दुरुस्त करतात.

गेल्या दिवाळीनंतर आठेक दिवसांनी मी त्यांच्याकडं गेलो. ते माझ्याच गाडीच्या बॉनेटमध्ये वाकले होते, पाठ माझ्याकडं, इंजिन बंद. मी दाराला टेकून सवयीनं सुरू केलं.

"मिस्त्री, काल खंबाटकी घाट मी रिव्हर्समध्ये चढलो. वर जाईपर्यंत तीन एसट्या मागं टाकल्या."

मी थांबलो. इथं थांबायचं असतं.

"व्हय," मिस्त्री म्हणाले. "बरं झालं."

मला वाटलं, अंगात ताप असेल. मी जरा वजन वाढवलं. "आणि आज सकाळी मिरज जंक्शनवर हत्ती उतरला. तुमचं गॅरेज कुठं म्हणून मलाच विचारत होता."

"व्हय व्हय. करू की."

मग त्यांनी इंजिन चालू करायला लावलं. आत बसून कुणीतरी अडकित्त्यानं सुपारी कातरतंय असा टॅपेटचा, म्हणजे झडपांचा, आवाज येत होता. मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी नळी उजव्या कानाला लावली, मग डाव्या, मग परत उजव्या. बराच वेळ. स्क्रू फिरवला. इंजिन ठसकायला लागलं. आणखी फिरवला. ते आणखी ठसकलं. मिस्त्रींनी बोळ्याला हात पुसले आणि समाधानानं म्हणाले, "आता बघ कशी गाती."

पुढच्या गल्लीत कुणीतरी सतारीची एकच तार वर चढवत होतं, चढवत होतं. मी म्हणालो, "झ्याक झालं."

एवढी छोटी थाप मी उभ्या आयुष्यात मारली नसेल, आणि तीच मला पचली नाही.

मिरज ते सांगली गाडी लंगड्या शेळीसारखी आली. वाटेत मी एकच गोष्ट मनात घोळवत होतो. माघात, वाईच्या मैदानात, सगळ्यांच्या देखत मिस्त्री हेच नऊ गाड्यांना करणार. सुभेदारांचे कान अजून तिखट आहेत. ते वाईट बोलणार नाहीत, पण बोलतील. आणि एकदा बोललं गेलं की मिरजेत कुणी त्यांच्याकडं स्कूटरसुद्धा नेणार नाही. पण त्याहून मला तो पांढरा शर्ट डोळ्यासमोर दिसत होता.

कानांचं तोंडावर विचारणं शक्य नव्हतं. मिस्त्री अशा वेळी 'न्हाई' म्हणतात आणि मग वर्षभर न्हाईच म्हणतात. मग मी विचार केला, आपल्याला येतं काय? एकच कला येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बहिरा झालो.

आठवड्यानं मिस्त्रींच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि ओरडून सांगितलं, "मिस्त्री, माझे दोन्ही कान गेले."

बहिरा माणूस मोठ्यानं बोलतो, हे एक बरं. त्यामुळं त्यांना सगळं ऐकू गेलं, आणि त्यांनीही मला उत्तर ओरडूनच दिलं, त्यामुळं त्यांना स्वतःचंही ऐकू गेलं असावं.

"कवापासनं रं?"

"तुळशीच्या लग्नापासून."

"कशानं?"

"सुतळी बाँबनं. हातगाडीखाली पेटवला होता कुणीतरी. हातगाडी गच्चीवर सापडली."

मिस्त्रींनी माझ्याकडं टक लावून बघितलं. मला वाटलं पकडलं. पण ते म्हणाले, "मग गाडीचं कसं करणार?"

"तेच विचारायला आलोय. कान नसलेल्या माणसाला दोन कार्ब्युरेटरांचा मेळ घालता येईल, असं काही आहे का? तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

ते वळले आणि पत्र्याच्या डब्यातले नट आवळायचे पाने चाळत उभे राहिले. काही शोधत नव्हते. पाने इकडून तिकडं टाकत होते. बऱ्याच वेळानं पाठमोरेच म्हणाले, "बघू."

इकडं माझे हाल सुरू झाले. मिस्त्रींनी ही बातमी सुभेदारांना सांगितली आणि सुभेदारांनी ग्रुपात टाकली. मला फोन करणं लोकांनी बंद केलं. पेठेत भेटतील ते कानाशी येऊन परेडला हुकूम द्यावा तसं ओरडायला लागले. भाजीवाली खुणा करून पैसे सांगायला लागली. थाप मारायची सोयच राहिली नाही, कारण समोरचा काय म्हणाला ते मला ऐकू येत नाही म्हटल्यावर गोष्ट रंगणार कशी?

घरातलं वेगळंच. बायकोला मी पहिल्या दिवशी सांगितलं नव्हतं, म्हटलं बघू किती दिवसांत कळतं. तिला ते शेजारणीकडून कळलं. संध्याकाळी ती स्वयंपाकघरातून अगदी हळू आवाजात म्हणाली, "आवं, बटाटेवडं करू का?"

"कर की," मी म्हणालो.

ती परातीत पीठ घेऊन बाहेर आली आणि माझ्याकडं नुसती बघत राहिली. मग मी तिला सगळं सांगितलं. "मिस्त्रींनी आपल्या लग्नातली गाडी सजवली हुती," ती म्हणाली. "ऱ्हावा बहिरं. पण माझ्या भावापुढं तुमी आजवर जे जे बोललासा, ते आता तो तुमच्या तोंडावर फेडून घेणार, तवा गप बसायचं." भाऊ आला. पंधरा वर्षांचं सगळं बोलून गेला. मी हसून मान हलवत चहा प्यालो.

मिरजेला मी जातच होतो, आता आठवड्यातून दोनदा. मिस्त्री कामाला लागले होते. 'चिटणीसाच्या कानासाठी' असं ते स्वतःलाच मोठ्यानं सांगायचे. आधी मडगार्डवर पाण्याचा पेला ठेवून बघितला. पाणी थरथरतं ते दिसलं, पण कुठल्या कार्ब्युरेटरमुळं ते कळेना. मग वर्तमानपत्राची पट्टी तोंडाशी धरून किती ओढली जाते ते बघितलं. इंजिनानं अर्धा अग्रलेख गिळला आणि खोकत बसलं. मी म्हटलं, उदबत्ती धरून धूर कसा जातो ते बघू.

"पेट्रोलापाशी उदबत्ती?" ते म्हणाले. "कान गेला तो गेला, डोस्कंबी गेलं का?"

हे बोलले तेव्हा मला फार बरं वाटलं.

भिंतीला त्यांची जुनी सायकल टांगलेली होती. एक दिवस गेलो तर तिच्या चाकातले दोन स्पोक कमी. मिस्त्रींनी ते मधोमध काटकोनात वाकवले होते आणि खालच्या टोकाला औषधाच्या बाटलीची बुचं बसवली होती. आमच्या कार्ब्युरेटरच्या डोक्यावर एक पितळी टोपी असते. ती काढली की आत एक नळी दिसते. इंजिन जितकी हवा ओढेल तितकी ती वर उचलली जाते. दोन्ही नळ्यांत त्यांनी एकेक बूच बसवलं, तसे दोन्ही स्पोक उभे राहिले आणि वरची वाकडी टोकं मधल्या जागेत समोरासमोर आली. दोन माणसं एकमेकांना बोट दाखवतात तशी.

"चालू कर."

इंजिन धरलं. दोन्ही टोकं हलली. पुढचं बोटभर वर गेलं, मागचं निम्म्यातच राहिलं.

"बघ," मिस्त्री म्हणाले. "फुडचा अधाशी हाय."

त्यांनी पुढचा स्क्रू फिरवला आणि पहिल्यांदाच, मी विचारायच्या आधी, आकडा सांगितला. "पाव फेरा. लिव." टोक खाली आलं. मागच्याला अर्धा पाव फेरा. ते वर आलं. असं मागंपुढं करत दुपार गेली. शेवटी दोन्ही टोकं एका उंचीवर आली आणि थांबली. मिस्त्रींनी हळूच रेस दिली. दोन्ही एकदम उठली. सोडली, दोन्ही एकदम बसली. मला तर ऐकूही येत होतं. लंगडणं गेलं होतं. पण मी बहिरा होतो, काय बोलणार? मिस्त्री मडगार्डवर पालथा तळवा ठेवून उभे होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. मग त्यांनी खाली वाकून स्पोकांच्या टोकांकडं परत बघितलं, खात्री करून घेतल्यासारखं.

त्या दिवशी कोऱ्या पानावर पेन्सिलीनं अकरा ओळी झाल्या.

माघात वाईला सगळे जमले. मिस्त्री पांढऱ्या शर्टात आले. गळ्यात नळी नव्हती. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन स्पोक होते. ओळीत पहिली गाडी सुभेदारांची. सगळे गप्प झाले, फोन बंद झाले, आणि मिस्त्रींनी टोपी काढून बुचं बसवली.

सुभेदारांनी जरा वेळ बघितलं. "मिस्त्री, नळी कुठाय?"

त्यांची पाठ होती. उत्तर आलं नाही. सुभेदार परत म्हणाले, जरा चढ्या आवाजात, "कान कुठं ठिवून आलासा?"

मी पुढं झालो आणि सगळ्यांना दचकवेल असा ओरडलो, "काय म्हणाले सुभेदार? नळीचं काय?"

मिस्त्री वळले. माझ्याकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं.

"नळी हाय की," ते म्हणाले. "पर ह्यो चिटणीस बहिरा. त्याला वहीत लिवायचंय. त्याला दिसंल असं करतोय."

"चिटणीसासाठी एवढी यातायात?" सुभेदार म्हणाले. "मागं त्यानं मला पिठलं खाऊ घातलंय." पण बोलता बोलता त्यांची नजर स्पोकांवर गेली. पुढचं टोक वर, मागचं खाली. ते जवळ आले. "हे खाली ऱ्हायलंय, ते का?"

"तुमीच करा की," मिस्त्री म्हणाले आणि स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. स्वतः मागं सरून हात पाठीशी बांधून उभे राहिले.

आजवर त्या गाडीच्या कार्ब्युरेटरला मालकानं बोट लावलेलं नव्हतं. सुभेदारांनी चष्मा चढवला. पाव फेरा, बघ, अर्धा पाव फेरा, बघ. त्यांना घाम फुटला. मग दोन्ही टोकं जुळली, आणि इंजिन असं चालायला लागलं की त्यांची बायको गाडीतून म्हणाली, "आवं, बंद पडली का?"

मग बाकीच्यांनी आपापल्या गाड्या आपणच केल्या. मिस्त्री ओळीनं फिरत होते, टोकं बघत होते, एखाद्याच्या मनगटाला धरून थांबवत होते. नेहमीच्या अर्ध्या तासाऐवजी उन्हं डोक्यावर आली. शर्टाला डाग नव्हता. टेम्पोतून आणलेल्या दोन गाड्यांतली एक तर चालू झाली आणि मैदानाला दोन फेऱ्या मारून परत टेम्पोत बसली.

वर जाताना मिस्त्री माझ्या गाडीत बसले. पसरणी घाटात गाडी इतकी हलकी चढत होती, की मी एखादी थाप मारण्याच्या अगदी बेतात होतो. तिसऱ्या वळणानंतर मागून एसटीनं हॉर्न दिला. मी गाडी डावीकडं घेतली. एसटी घासून पुढं गेली.

मिस्त्री एसटीकडं बघत राहिले, ती वळणाआड जाईपर्यंत. मग माझ्याकडं वळले.

"आरशात बघून घेतलीस का बाजूला?"

माझ्या गाडीला आरसा नाही. तो वडूजच्या गंजीतच राहिला.

पुढच्या वळणावर मी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलं. खाली धोमचं पाणी दिसत होतं. मिस्त्री समोरच्या काचेतून त्याकडं बघत बसले होते.

"हॉर्न वाजला व्हय?" ते म्हणाले.

"वाजला," मी मोठ्यानं म्हणालो.

"मोठा?"

"बराच."

त्यांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. शर्टाची बाही उगाच सारखी केली. "कवा कळलं तुला?"

मी तोंड त्यांच्याकडं केलं आणि सावकाश, शब्दाशब्दाला थांबून सांगितलं, "दिवाळीनंतर. मी तुम्हाला म्हणालो होतो, मिरज जंक्शनवर हत्ती उतरला, तुमचं गॅरेज विचारत होता. तुम्ही म्हणालात, करू की."

ते माझ्या ओठांकडं बघत होते. संपल्यावरही थोडा वेळ बघत राहिले.

"पॅसेंजरनं आला का मालगाडीनं?" त्यांनी विचारलं.

"मालगाडीनं."

"मग तिकीट न्हवतं त्याच्यापाशी. धरून न्यायचा जंक्शनवरच, माझ्यापतुर कुठला येतोय?"

मी गाडी चालू केली.

वर महाबळेश्वरला एका स्ट्रॉबेरीच्या मळ्यात जेवणं झाली. मी चोपडी काढली आणि बांधावर बसून पेन्सिलीवर शाई गिरवायला लागलो. सुभेदारांनी तिसऱ्या रकान्यात सही केली, करून पाहिले. माझी नोंद असल्यामुळं दुसरी सही त्यांनी आपल्या बायकोला करायला लावली, कारण गाडी बंद पडली का, हे तिनंच विचारलं होतं. 'कोणी सांगितलं' या रकान्यात मी मिस्त्रींचं नाव लिहिलं आणि त्यांच्याकडं चोपडी दिली.

त्यांनी बोट ठेवून अकराही ओळी वाचल्या. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. तिथं मी लिहिलं होतं, 'लागणारा वेळ : पाच मिनिटं.'

"अर्धा दीस लागला हुता," ते म्हणाले.

"ते पहिल्यांदा."

"वाचणाराबी पयल्यांदाच करणार हाय. खोड."

मी खोडलं आणि अर्धा दिवस लिहिलं. मग त्यांनी माझं पेन घेतलं, आणि त्या लाल चोपडीत पहिल्यांदाच, बाकीच्यांपेक्षा जरा मोठ्या अक्षरात, आपली सही केली.